टायरची नक्षी : डोळ्यांसाठी की रस्त्यासाठी?

प्रतिनिधी

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर ओलांडून हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघाले, की टायरच्या किती तऱ्हा असतात ते दिसते. क्रेटने भरलेल्या पिकअपचे टायर वेगळे, ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे वेगळे. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील शेतमाल याच चाकांवर बाजारात पोहोचतो. शेतकऱ्याच्या लेखी टायरवरील नक्षी म्हणजे पकड. कायद्याच्या एका कलमात मात्र तिचे मोल वेगळ्याच निकषावर ठरते.

डिझाइन कायदा, २००० नुसार एखाद्या वस्तूचा आकार वा नक्षी नवीन असेल, तर तिची नोंदणी करता येते. हे संरक्षण प्रथम दहा वर्षांचे असून ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. मात्र नोंदणीसाठी ती नक्षी केवळ डोळ्यांनी पारखली जाते. निव्वळ यांत्रिक रचनेला या कायद्यात स्थान नाही. येथेच टायरची पंचाईत होते. त्याची नक्षी दिसते शोभेची आणि राबते उपयोगाची.

हा पेच अपोलो टायर्स विरुद्ध पायोनियर ट्रेडिंग कॉर्पोरेशन या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. एकच काम करणाऱ्या नक्ष्या अनेक असू शकतात, त्यामुळे नक्षी उपयोगाची असली तरी तिचे रूप केवळ उपयोगानेच ठरते असे नाही, हा त्या २०१७ मधील निकालाचा आशय. नक्कल रोखण्यासाठी तो योग्यच म्हणावा लागेल.

तथापि, नक्कल रोखणे आणि गुणवत्तेची हमी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टायरचे चर ओल्या डांबरावरील पाणी बाजूला सारतात. माळशेज घाटातील पावसात हेच चर उथळ झाले, तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर उरतो आणि ब्रेक दाबूनही गाडी सरकते. ट्रॅक्टरच्या मागील टायरवरील उंच, तिरके दात मातीत रुततात, तर त्यांमधील रुंद जागा चिखल झटकते. टायर उलट्या दिशेने बसविला, तर तीच नक्षी निम्मे काम विसरते. नोंदणीच्या वेळी यांतील काहीही तपासले जात नाही.

ती जबाबदारी अन्य नियमांची आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून मोटार, बस व ट्रकच्या नव्या रचनेच्या टायरना ओल्या रस्त्यावरील पकडीची कसोटी लागू झाली. शेतीच्या ट्रॅक्टरचे टायर या कसोटीच्या कक्षेत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चराची खोली दुचाकी व तीनचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर असावी लागते. चरांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले, की टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे.

ग्राहकाची खरी फसगत रिमोल्ड टायरमध्ये होऊ शकते. जुन्या सांगाड्यावर नवी पट्टी चढविण्याचा हा व्यवसाय वैध आहे आणि काम नीट झाले तर किफायतशीरही. परंतु ताजी नक्षी म्हणजे ताजा टायर नव्हे. सांगाड्याचे वय टायरच्या कडेवरील चार अंकांत असते. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. नक्षीवर भाळणारी नजर या अंकांपर्यंत क्वचितच पोहोचते.

कंपन्यांना आपली नक्षी जपण्याचे हत्यार कायद्याने दिले आहे. मालाने भरलेली गाडी भर पावसात घाटातून उतरविणाऱ्या चालकाला तेवढे पुरेसे नाही. विक्रेत्याने टायरचे वय आणि रिमोल्ड असल्यास तसे बिलावर लिहून देण्याची सक्ती झाली, तर या चालकाच्या हातीही काही पडेल. तोवर गोटा झालेला टायर जसा आपण ओळखतो, तसाच नटविलेला टायरही ओळखायला शिकावे लागेल.