चाळिशीनंतरची रायफल : वय आड येत नाही, वाट आड येते

आसनगाव : पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर 'थ्री पोझिशन' रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि राज्यात नेमबाजीची चर्चा नव्याने सुरू झाली. १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी तब्बल ७२ वर्षे वाट पाहावी लागली होती. त्यामुळे कौतुकाला उधाण येणे स्वाभाविकच होते. मात्र या चर्चेचा सारा रोख शाळकरी मुलांकडे राहिला. लहान वयात प्रशिक्षण, शिष्यवृत्ती, पुढच्या ऑलिंपिकचे संभाव्य खेळाडू, हेच विषय पुढे आले. ज्यांनी महाविद्यालयात असताना रायफल हाती धरली आणि चाळिशी-पन्नाशीतही ती खाली ठेवण्याची ज्यांची इच्छा नाही, अशा प्रौढ नेमबाजांचा विचार त्यात कोठेच नव्हता.

हा वर्ग पदकांच्या यादीत दिसत नाही, पण तो आहे. राज्यातील अनेकांनी आयुष्यातील पहिली गोळी झाडली ती राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात, २२ बोअरच्या रायफलीतून. अंजली भागवत, सुमा शिरूर या ऑलिंपियन नेमबाजांची सुरुवातही छात्रसेनेतूनच झाली. त्यांच्यासारख्या मोजक्या जणी पुढे गेल्या. बाकीचे नोकरी-संसारात अडकले. मुंबईतील घरांच्या किमतींमुळे कल्याणच्या पुढे टिटवाळा, वाशिंद, आसनगावपर्यंत राहायला गेलेल्या नोकरदारांमध्येही छात्रसेनेत रायफल हाताळलेले लोक आहेतच. त्यांनी पुन्हा सराव करायचा म्हटले तर काय होते, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

वयाचा दाखला काय सांगतो?

धावणे, पोहणे, कुस्ती या खेळांत तिशीनंतर शरीर साथ सोडू लागते. रायफल नेमबाजीत तसे होत नाही, हे ऑलिंपिकच्या इतिहासातूनच दिसते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५० मीटर 'प्रोन' म्हणजे जमिनीवर पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात सुवर्णपदक मिळविणारा बेलारूसचा सर्गेई मार्तिनोव्ह ४४ वर्षांचा होता. कांस्यपदकाचा मानकरी स्लोव्हेनियाचा रायमोंड डेबेवेच ४९ वर्षांचा होता आणि ते त्याचे आठवे ऑलिंपिक होते. याच स्पर्धेत भारताचा जॉयदीप कर्मकार चौथा आला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्याहीपूर्वी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी धावत्या हरणाच्या आकृतीवर रायफलीने नेम साधण्याच्या सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळविले, ते वयाच्या ७२ व्या वर्षी. ऑलिंपिक पदक मिळविणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा त्यांचा मान शंभर वर्षांनंतरही अबाधित आहे.

महाराष्ट्राचा अनुभवही वेगळा नाही. अंजली भागवत सिडनी, अथेन्स आणि बीजिंग अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळल्या, तेव्हा त्यांचे वय अनुक्रमे ३०, ३४ आणि ३८ होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३७ व्या वर्षी थ्री पोझिशन प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि टोकियोत २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्या प्रथमच उतरल्या, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. इतर खेळांत ज्या वयात निरोप समारंभ होतात, त्या वयात ऑलिंपिकमध्ये पदार्पण करणे या खेळात शक्य झाले.

भारतीय नेमबाजीची संघटनाच मुळी एका ज्येष्ठ नागरिकाच्या पुढाकाराने उभी राहिली, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्ष होते दादासाहेब तथा ग. वा. मावळंकर. पुढच्याच वर्षी ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. १८८८ साली जन्मलेल्या मावळंकरांनी त्या वेळी साठी ओलांडली होती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची पायरी म्हणून ओळखली गेली.

शरीर बदलते, नेम टिकतो

वयाचा परिणाम होतच नाही, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. चाळिशीनंतर डोळ्यांना जवळचे स्पष्ट दिसत नाही. सुदैवाने रायफलीच्या मागच्या बाजूला असणारी दर्शिका म्हणजे एक बारीक छिद्र असते. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बरेच स्पष्ट दिसते, हा प्रकाशशास्त्राचा साधा नियम आहे. त्यामुळे चष्मा लागलेला नेमबाजही पुढचे कडे आणि लक्ष्याचा काळा गोल एका रेषेत आणू शकतो. नंबराची भिंग वापरण्यासही नियमांची आडकाठी नाही.

उभ्याने नेम धरताना कमरेवर आणि गुडघा टेकून बसताना पायाच्या घोट्यावर ताण येतो. एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. त्यामुळे पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट ठेवणे प्रौढ नेमबाजाला तरुणापेक्षा अधिक गरजेचे ठरते. दुसरीकडे, श्वासावर ताबा, घाई न करता चाप ओढणे, एक गोळी वाया गेली तरी पुढच्या गोळीच्या वेळी ती मनातून काढून टाकणे, या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सवयीने येतात. १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत सव्वा तासात ६० गोळ्या झाडायच्या असतात आणि मधल्या दहाच्या ठिपक्याचा व्यास असतो अवघा अर्धा मिलिमीटर. तेथे चपळाईपेक्षा सातत्यच उपयोगी पडते.

आणखी एक बाब फारशी चर्चेत नसते. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिली जाणारी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी 'बीटा ब्लॉकर' गटातील औषधे हृदयाचे ठोके मंद करतात आणि हाताची थरथर कमी करतात. म्हणूनच जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने नेमबाजीत त्यांवर बंदी घातली आहे. ही बंदी स्पर्धेपुरती नाही. एरवीही ती लागू असते. पन्नाशीतील नेमबाजाने मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरण्यापूर्वी आपल्या गोळ्या कोणत्या गटातील आहेत, हे डॉक्टरांना विचारून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते. स्वतःच्या मनाने औषध बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. पर्यायी औषध देता येईल का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

सव्वा तासासाठी चार तास

शरीर साथ देत असूनही प्रौढ नेमबाज खेळ सोडतो, त्याची कारणे अन्यत्र आहेत. त्यांतील पहिले कारण अंतर. मुंबई परिसरात महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज जुनी आणि मान्यवर. दादरला स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात एअर रायफलचा सराव चालतो. पनवेलमध्ये सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, तर पुण्याजवळ बालेवाडीचे क्रीडा संकुल आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. लोकलने दादर गाठायलाच दीड-पावणेदोन तास लागतात. म्हणजे एका पात्रता फेरीइतक्या, सव्वा तासाच्या सरावासाठी जाण्यायेण्यात जवळपास चार तास घालवावे लागतात. मुरबाडकरांना तर आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. खांद्यावर रायफलीची लांब पेटी, जाड कॅनव्हासचे जाकीट आणि बूट असलेली बॅग घेऊन गर्दीच्या कसारा लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, हे या मार्गावरील प्रवाशांना वेगळे सांगायला नको. आठवडाभर हाच प्रवास करणारा नोकरदार रविवारीही तो करील, ही अपेक्षा अवाजवी आहे.

दुसरे कारण खर्च आणि परवाना. ५० मीटर प्रकारासाठी २२ बोअरची रायफल लागते आणि स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे प्रामुख्याने परदेशातून येतात. परवान्यासाठी ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अशी ही वाट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली. नामांकित खेळाडूंना सरकारने स्वतंत्र सवलती दिल्या. आवड म्हणून खेळणारा प्रौढ त्या सवलतींच्या कक्षेत सहजासहजी येत नाही.

प्रशासनाची सावधगिरी अनाठायी आहे, असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यातच झालेल्या गोळीबाराने ठाणे जिल्हा हादरला होता. जमिनींचे भाव चढलेल्या पट्ट्यात कमरेला पिस्तूल लावणे हा प्रतिष्ठेचा विषय होऊ नये, याची दक्षता घ्यावीच लागेल. पण त्याच चाळणीतून खेळाची रायफलही काढली जाते, तेव्हा प्रामाणिक खेळाडू कंटाळून बाजूला होतो.

तिसरे कारण आहे धोरणाचे. 'खेलो इंडिया'पासून दहावी-बारावीच्या क्रीडागुणांपर्यंत साऱ्या योजना शालेय आणि युवा खेळाडूंभोवती फिरतात. त्या असायलाच हव्यात. पण प्रौढाने खेळत राहावे, यासाठी यंत्रणेकडे काहीच नाही. प्रौढांना सोयीचा असणारा ५० मीटर प्रोन हा प्रकारदेखील रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. जागतिक स्पर्धेत तो टिकून असला, तरी ऑलिंपिकचा शिक्का गेलेल्या प्रकाराकडे यंत्रणांचे लक्ष कमी होते.

उत्तर दहा मीटरवर

या तिन्ही अडचणींवर एक उत्तर आहे आणि ते फारसे महागडे नाही. १० मीटर एअर रायफलला बंदिस्त दालन पुरते. एका नेमबाजाला एक मीटर रुंदीची जागा लागते, लक्ष्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर लावले जाते. म्हणजे सहा मीटर रुंदीच्या सभागृहात एका वेळी पाच-सहा जण सराव करू शकतात. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवान्याची गरज नाही. तेव्हा परवान्याचा प्रश्नही उरत नाही. भक्कम मागची भिंत, लक्ष्यावर पुरेसा प्रकाश, हवा खेळती राहण्याची सोय, कुलूपबंद कपाट आणि सराव सुरू असताना कायम हजर असणारा जबाबदार प्रशिक्षक, एवढ्या अटी मात्र कसोशीने पाळाव्या लागतील. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुण्याची सोयही हवी.

राज्यात तालुका क्रीडा संकुलांची योजना वर्षानुवर्षे राबविली जात आहे. शहापूर आणि मुरबाडमध्ये संकुलाचे एक दालन किंवा एखाद्या शाळेचे सभागृह सायंकाळनंतर यासाठी उघडता येईल. सकाळी शाळेची मुले, रात्री लोकलमधून उतरलेले त्यांचे पालक, अशी विभागणी झाली तर खर्चही वाटला जाईल. माजी सैनिक आणि छात्रसेनेचे जुने अधिकारी यांच्या शिस्तीचा उपयोग तेथे होऊ शकतो. या खेळातील बराचसा सराव छर्रा न भरता, कोरा चाप ओढून घरीच करता येतो. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस दालन मिळाले तरी प्रौढ नेमबाजाचे काम भागते.

यातून ऑलिंपियन घडतील, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र तालुक्यात जाणकार प्रौढ असतील, तरच तेथील एखाद्या मुलाच्या हातातील कसब वेळेवर ओळखले जाईल. स्वप्नील कुसळेला आंतरराष्ट्रीय पदार्पणानंतर ऑलिंपिकपर्यंत पोहोचायला १२ वर्षे लागली. त्या काळात त्याला मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली आणि अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन लाभले. म्हणजे खेळ न सोडलेल्या मागच्या पिढीचा हात त्याच्या पाठीवर होता. असा हात प्रत्येक तालुक्यात उपलब्ध व्हायचा असेल, तर आसनगावच्या नोकरदाराला सव्वा तासाच्या सरावासाठी चार तास लोकलमध्ये काढायला लावणे परवडणारे नाही. क्रीडा विभागाने आणि जिल्हा परिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात दहा मीटरच्या एका दालनाचा विचार करायला हरकत नसावी.