अँटेना विकत आणू नका

आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर सध्या वीस मीटर तार ताणलेली आहे. शेजारच्या गढवाली सुभेदारसाहेबांना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते.

सिग्नल्समध्ये मी सतरा वर्षं काढली. वाळवंटात आणि बर्फात किती अँटेना उभ्या केल्या, मोजदाद नाही. किट उघडायची, पुस्तिकेत दिलेली तार ताणायची, बोलणं सुरू. दोन वर्षांपूर्वी जबलपूरला फॅमिली आली. हॅम परीक्षेच्या नादाला लागलेल्या मुलीने विचारलं, "बाबा, तार एवढीच का?" मला धड सांगता आलं नाही. हवालदार माणूस, लाज वाटली.

मग दोघांनी अभ्यास केला. माझा परवाना आला, युनिटची लेखी परवानगी घेतली आणि तार मात्र घरातच शोधली. हिशोब सोपा आहे: 143 ला मेगाहर्ट्झने भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 साठी वीस मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. वायरिंग बदलताना भंगारात निघालेली तार होतीच. मधे पीव्हीसी पाइपचा तुकडा, टोकांना टूथब्रशच्या दांड्या. खाली येणारी केबल टीव्हीची. ती 75 ओहमची आणि सेट मागतो 50, म्हणून जाणकार नाक मुरडतात. पण उंचावर मोकळ्या टांगलेल्या डायपोलचा स्वतःचा आकडा 73 च्या आसपास असतो. जोडी जमते, उरलेला फरक सेट सोसतो.

पहिल्यांदा फसलो. टोकांना पीळ द्यायला लागणारी तार मी हिशोबात धरलीच नाही, ती आखूड पडली. जोड देऊन सोल्डर करावं लागलं. आता आधी हातभर जास्त ठेवतो, मग मीटर बघत थोडी थोडी छाटतो. विजेच्या तारांपासून लांब राहायचं आणि गडगडाटाची चाहूल लागण्याआधीच केबल सेटपासून काढायची, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं: सेट खुशाल विकत आणा, पहिली अँटेना नको. शाळा असो वा क्लब, आपत्तीची तयारी म्हटलं की सेटची यादी निघते. वादळात सेट कपाटात शाबूत राहतो, तुटतं ते छपरावरचं. त्या दिवशी दुकान उघडं नसतं, कुरिअर येत नाही. भंगारातून ज्याने एकदा बनवली आहे, तो तासाभरात दुसरी टांगतो. विकतची जास्त टिकते, मान्य. ड्युटीवर मीही टूथब्रश लावणार नाही.

आणि छंदाला कोणी हसू नये. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरला छंदापायीच गेले होते. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर गेले ते त्याच छंदाच्या सामानावरून.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या तारेवर साताऱ्याकडचा एक आवाज आला, चक्क मराठीत, पावसाबद्दल बोलत होता. मुलीचा हात माइककडे गेला. म्हटलं, तुझा परवाना येऊ दे. दुपारी गच्चीवर गेलो तर सुभेदारसाहेबांची चादर तारेवर वाळत होती. तार खाली झुकली आहे, पुन्हा ताणायला हवी.