प्रिंट मारा, बिनधास्त!

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती फोटो आहेत? चार हजार? दहा हजार? आणि त्यातले हातात धरता येतील असे किती? पासपोर्ट साइझचे सोडून बोला!

ऑर्कुटवर कॉलेजचे अल्बम टाकणाऱ्या तुमच्या ताई-दादांना विचारा. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुटचं शटर खाली आलं आणि ज्यांनी वेळेत फोटो उतरवून घेतले नाहीत, त्यांचे ते गेलेच. गुगल फोटोजची फुकट अनलिमिटेड चैनही १ जून २०२१ला संपली. आजीच्या कपाटातला अल्बम मात्र अजूनही पासवर्ड न विचारता उघडतो.

मग घरी इंकजेट घ्यायचा का? स्वतःला एकच प्रश्न विचारा. आठवड्यातून एक तरी प्रिंट काढणार का? इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात. मशिन पडून राहिलं की शाई सुकते, छिद्रं बुजतात आणि फोटोवर पांढरे पट्टे येतात. मग 'हेड क्लीनिंग' करा, त्यातही शाईच उडते. दिवाळी टू दिवाळी प्रिंट काढणार असाल, तर बॉस, कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओच बरा.

उत्तर 'हो' असेल, तर कार्ट्रिजपेक्षा इंक टँक बघा. कार्ट्रिजवाला प्रिंटर स्वस्तात मिळतो, पण खिसा कापते ती शाई. एप्सनने २०१०मध्ये इंडोनेशियात बाटलीने शाई भरायचा प्रिंटर आणला आणि हे गणितच बदललं. आता कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांकडेच टँक आहेत.

काम सोपं आहे, फक्त चार गोष्टी सांभाळा. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधा मोबाइलही चालतो. पण व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो बारीक झालेला असतो. मित्राकडून ओरिजिनल फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मोबाइलचा फोटो चारास तीन असतो आणि कागद तीनास दोन, त्यामुळे ग्रुप फोटोत कोणाचं तरी डोकं उडतं. आधी प्रीव्ह्यू बघा. कागद ग्लॉसी असेल, तर सेटिंगमध्येही ग्लॉसीच निवडा, नाहीतर शाई बोटाला लागेल. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. थेट भिंतीवरचा स्विच ऑफ केला, तर हेडवर झाकण न बसताच ते उघडं राहू शकतं.

हो, इंकजेटचा फोटो पेपर ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये गुपचूप सारू नका. त्याच्या उष्णतेने कोटिंग वितळून आत चिकटू शकतं. पुढे काय, ते अॅडमिनवाले सांगतीलच!

आता टिकण्याचं. टँकमधली रंगीत शाई बहुतेक वेळा डाय प्रकारची असते. दिसते झकास, पण ऊन आणि हवा लागली की फिकी पडते. पिग्मेंट शाई जास्त टिकते, पण फोटोसाठीची तशी मशिनं महाग. म्हणून प्रिंट नीट वाळू द्या, मग काचेच्या फ्रेममध्ये किंवा अल्बममध्ये ठेवा. खिडकीसमोर लावू नका.

या रविवारी गॅलरीतले फक्त दहा फोटो निवडा. जुळ्या सेल्फींना कात्री लावा. गावी आई-बाबांना पाठवायचा एक त्यात असू द्या. आणि मागे तारीख आणि नावं लिहा. उद्या कोणी 'हा कोण गं?' विचारलं, तर उत्तर फोटोलाच देता येईल.