डोंगर चढण्याआधी थोडे थांबू या



थंडी पडली की आपल्या वस्त्यांतली मंडळे सहलीच्या तयारीला लागतात. कान्हेरीचा डोंगर आपल्याला सर्वांत जवळचा. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. पण चढणीच्या आधी फाटकाशीच आपली परीक्षा होते. सातची वेळ ठरते, आठ वाजतात, तरी काही माणसे आलेली नसतात. तरुण पोरे कुरकुरतात, "चला, निघू या. येतील मागून!"

उशीर कोणाला होतो ते जरा पाहा. बदली माणूस न आल्याने रात्रपाळीत अडकलेला वॉचमन, मॉलमध्ये साफसफाई करणारी ताई, चार घरची धुणीभांडी उरकून येणारी वहिनी. ही माणसे आळशी नाहीत. शहर बदलले आहे. घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाने होते, त्यांतल्या कितीतरी जागी आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. कारखान्यात पगार कमी असला तरी आठवड्याची सुटी ठरलेली असे. ठेकेदाराकडे सुटी मागितली की खाडा लागतो. एखाद्याला सोमवारी सुटी मिळते, तर सोमवारी उद्यान बंद!

रविवारची सुटी कोणी दया म्हणून दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मिळाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. आजच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही साप्ताहिक सुटीची तरतूद आहे. कागदावरचा हक्क हातात येत नाही, कारण आपण तो एकेकटे मागतो.

म्हणून फाटकाशी थांबावे लागले तर तो वेळ फुकट घालवू नका. कोणाला किती तास काम आहे, सुटी भरपगारी मिळते का, हे एकमेकांना विचारा, वहीत लिहून ठेवा. मग मंडळाच्या बैठकीत त्यावर बोला आणि सर्वांच्या सहीचा अर्ज करा. पुढच्या सहलीची तारीखही ज्याला सुटी मिळणे सर्वांत कठीण, त्याला विचारून ठरवा.

कान्हेरीची लेणी केवळ राजे-सावकारांच्या दानातून झाली नाहीत. तेथील शिलालेखांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे, आणि तिथल्याच एका लोहाराने वाटेचे दान दिल्याची. त्या कष्टकऱ्याने वाट दिली ती मागून येणाऱ्यांसाठी. तिच्यावरून जाताना आपलाच माणूस मागे सोडून कसे चालेल?

जय भीम!