लिंबूटिंबूंचा डाव

मराठीत ‘लिंबूटिंबू’ हा मोठा प्रेमळ शब्द आहे. वाड्यात लपंडाव रंगात आला की कोणाचे तरी चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड रडत येई आणि ‘मलाही घ्या’ म्हणे. घेतले तर खेळ मोडतो, न घेतले तर घरून आईची हाक येते. या पेचातून मोठ्या मुलांनी काढलेली तोड म्हणजे लिंबूटिंबू. त्याने पळावे, लपावे, ओरडावे. पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. खेळात आहे आणि हिशेबात नाही! आणि गंमत अशी की, आपण सारे खेळ शिकलो ते याच वाटेने.

पण समजा, अंगणात सगळेच लिंबूटिंबू जमले तर? असा डाव आज जगभर रोज मांडला जात आहे. कॉम्प्युटरवरचा खेळ आजवर कधी तयार न केलेली मुले-मुली इंटरनेटवर एकमेकांना हुडकतात आणि मिळून एक खेळ करू म्हणतात. एकाला प्रोग्रॅम लिहिता येतो. म्हणजे येतो, असे त्याला वाटते. दुसरी चित्रे काढते. तिसऱ्याच्या अंगात थोडे संगीत असते. कोणी कोणाला पाहिलेले नाही, कोणाला एक छदाम मिळायचा नाही. मग हे कशासाठी, असे विचारले तर उत्तर एकच : ‘अनुभवासाठी!’

हा शब्द ऐकला की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून कपाळाला आठी पडते. अनुभव म्हणजे कोणाच्या तरी शिक्क्याचा कागद, अशी आपली समजूत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मला वाटेत गाठून विचारले, “सर, तुम्हीच सांगा हिला काहीतरी. रात्र रात्र जागते. कोण कुठली माणसे आणि कसला तो खेळ! यातून हातात पडणार काय?”

प्रश्न रास्त होता. म्हणून मी त्या मुलीलाच विचारले, आणि तिने मला दोन कथा सांगितल्या.

पहिली कथा महाभारताची. अठराही पर्वे येतील असा खेळ करायचे ठरले. भराभर अकरा जण जमले, कौरवांच्या अक्षौहिणींइतके. त्यांतले सात जण नुसत्या कल्पना देणारे. ‘कल्पना माझी, बाकीचे तुम्ही करा’ ही वृत्ती साहित्यसंमेलनाच्या मांडवाबाहेरही आढळते, हे मला नव्यानेच कळले. महिनाभर चर्चा झाली. नाव ठरले, नावाची नक्षी ठरली, अर्जुनाच्या रथाला चाके किती यावर वाद झाला. मग एकाची परीक्षा आली, दुसरा न सांगता गडप झाला, आणि आदिपर्व संपायच्या आतच स्वर्गारोहण झाले.

दुसरी कथा मुंगीची. तिघेच जण : ही मुलगी, नागपूरचा एक चित्रे काढणारा मुलगा आणि ब्राझीलमधला एक सूर जुळवणारा. मुंगीने साखरेचा दाणा घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावरून बिळापर्यंत जायचे; वाटेत सांडलेले पाणी, फडके आणि एक चमचा. बस्स, एवढाच खेळ. सात दिवसांत पुरा झाला. मी तो खेळलो. चौथ्या मिनिटाला दाणा घरी पोहोचला, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला.

अकरा जणांचे महाभारत बुडाले आणि तिघांची मुंगी पोहोचली. या दोन कथांमध्ये या उद्योगाचे सारे मर्म आहे.

दिवाळीत मुले किल्ला करतात, तो आठवून पाहा. एक माती आणतो, एक विटा पळवतो, कोणी आळीव पेरतो, कोणी मावळे मांडतो. राजगड करायचा म्हणून सुरुवात होते. पण दिवाळी काही थांबत नाही. मग बालेकिल्ला आखूड होतो, गुहा रद्द होते, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे किल्ला उभा असतो! तारीख ठरलेली असते म्हणून किल्ला पुरा होतो.

संगणकी खेळ करणाऱ्यांनी हीच युक्ती काढली आहे. तिला ‘गेम जॅम’ म्हणतात. हा पावाला लावायचा जॅम नव्हे. वादक आयत्या वेळी जमून वाजवतात, त्या बैठकीवरून आलेले हे नाव आहे. ‘लुडम डेअर’ हा इंटरनेटवरचा असा मेळा २००२ साली सुरू झाला. एक विषय जाहीर व्हायचा आणि मोजक्या तासांत खेळ तयार करून सर्वांसमोर ठेवायचा. २००९ च्या जानेवारीत ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी मंडळी जमली होती. मुदत ४८ तासांची. साधनांची अडचणही आता राहिलेली नाही. अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवलेले ‘गोडो’ हे खेळ बांधण्याचे साधन २०१४ साली सर्वांना खुले झाले. त्याला पैसा पडत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेल्या ‘गिट’मुळे पाच जणांनी पाच गावांहून एकाच वहीत लिहिले, तरी कोणाचे लिखाण पुसले जात नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खेळातून काय होणार? तर फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ पाहा. तो २०१७ च्या ‘नॉर्डिक गेम जॅम’मध्ये जन्मला आणि २०१९ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या व्याकरण शिकवणाऱ्याला तर तो फारच जवळचा वाटला. पडद्यावर शब्दांचे ठोकळे असतात. ‘भिंत म्हणजे अडथळा’ अशा अर्थाचे वाक्य जुळलेले असेपर्यंत भिंत आडवते. त्यातला एक शब्द ढकलून बाजूला काढला की त्याच भिंतीतून आरपार जाता येते! ‘सेलेस्ट’ नावाचा २०१८ चा गाजलेला खेळही आधी दोघांनी चार दिवसांत केलेला एक चिमुकला खेळ होता. ही मंडळी नवखी नव्हेत, चांगली मुरलेली. मुरलेली माणसेही डाव लहान मांडतात, मग लिंबूटिंबूंनी अठरा पर्वे कशाला उचलावी?

मोठी कामे अशा हौशी जमावाच्या हातून होतच नाहीत असे नाही. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा बुद्धिबळाच्या वळणाचा, आळीपाळीने पलटणी हलवण्याचा खेळ डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केला. पुढे देशोदेशींचे चित्रकार, संगीतकार आणि भाषांतरकार बिनमोल येऊन मिळाले, आणि वीस वर्षांनंतरही तो खेळ नांदतो आहे. पण क्रम ध्यानात घ्या. व्हाइट यांनी नुसती दवंडी पिटली नव्हती; साधासुधा का होईना, खेळता येईल असा खेळ आधी लोकांपुढे ठेवला होता. रिकाम्या पाटाभोवती पंगत बसत नाही. निदान वरण-भाताचा वास तरी यावा लागतो.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. हातात पडले काय?

त्या मुलीने सांगितलेली यादीच देतो. ब्राझीलच्या मुलाने मोठ्या प्रेमाने केलेली चाल मुंगीला शोभत नव्हती. ती त्याला न दुखावता कशी सांगावी, हे ती शिकली. खेळातली गंमत दोन दिवसांत होते आणि आवाज बंद करण्याचे बटण, पहिले पान, सूचना असली कंटाळवाणी कामे पाच दिवस खातात, हे तिला कळले. आपल्या यंत्रावर सुरळीत चालणारी गोष्ट दुसऱ्याच्या यंत्रावर आडवी पडते, हेही कळले. आणि सर्वांत अवघड धडा मावशीने दिला. मावशी खेळायला बसली ती पहिल्या चमच्यापाशीच अडली. ‘अगं मावशी, उजवीकडे!’ असे तोंडातून निघू न देता शेजारी गप्प बसायचे आणि चूक मावशीची नसून आपल्या खेळाची आहे, हे मानायचे! मी वीस वर्षे फळ्यापुढे उभा आहे. हा धडा ज्याला उमगला तो निम्मा शिक्षक झाला, असे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनी दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवावी. सगळेच बिनपगारी असतील तर तो खेळ. पण एकाच्या खिशात पैसा जाणार आणि बाकीच्यांना नुसता ‘अनुभव’ मिळणार असेल, तर त्याला मराठीत वेठ म्हणतात. दुसरे असे की, काम सुरू होण्यापूर्वीच चार ओळी लिहून ठेवाव्या : श्रेयात कोणाची नावे, पुढे पैसे आलेच तर वाटणी कशी, आणि कोणी मध्येच सोडून गेला तर त्याच्या चित्रांचे काय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, काही करार नसेल आणि काम नोकरीतले नसेल, तर चित्राचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचाच असतो. ही गोष्ट भांडण झाल्यावर आठवण्यापेक्षा आधी आठवलेली बरी. तिसरी गोष्ट सांगायलाच नको : अनोळखी भिडूला घरचा पत्ता, फोटो किंवा पैसे देऊ नयेत, आणि लहान मुलांच्या अशा उद्योगाची वार्ता घरात असावी.

या बेताने चालले तर मला यात भिण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या पिढीने हस्तलिखित मासिके काढली, गणपतीत नाटके बसवली. विंगेत पेट्रोमॅक्स धरला आणि एक वाक्याचा शिपाईही झालो. त्यातून नट थोडेच झाले. पण दिलेल्या वेळी हजर राहणे, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे आणि पडदा पडल्यावर सतरंज्या गोळा करणे, हे आपण तिथेच शिकलो. आता रंगमंच बदलला आहे. सतरंज्या अजून गोळा कराव्याच लागतात.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या एखाद्या पोराने ‘आम्ही चौघे मिळून एक खेळ करतो आहोत’ असे सांगितले, तर ‘पैसे किती मिळणार?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, ‘केवढा आहे रे खेळ? आणि पुरा कधी होणार?’ ‘मोठा आहे’ असे तो म्हणाला तर कात्री हातात द्या. ‘लहानसाच आहे, रविवारी संपेल’ म्हणाला, तर रविवारी चकलीची बशी घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि खेळ मागून घ्या. पहिल्या चमच्यापाशी अडलात तर अडू द्या. त्या घटकेला मोठा तो आणि लिंबूटिंबू तुम्ही!