राक्षसाचा टॅग कोण लावतो?

कोणाला राक्षस म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती राहिला, त्यांचीच बाजू धर्म म्हणून आपल्या माथी मारली गेली. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त नेमका हाच अधिकार हिसकावून घेतला. राक्षस या शब्दाचे नाते त्यांनी रक्षणाशी जोडले. बळी हा पाताळात गाडायचा दैत्य नव्हे, तर रयतेचा राजा होता. म्हसोबा आणि खंडोबा हे त्याच्या राज्याचे अधिकारी होते, अशी मांडणी त्यांनी केली. त्या मांडणीला दीडशे वर्षे उलटली. तोच झगडा आज अशा एका ठिकाणी चालू आहे, जिकडे आपले कार्यकर्ते फिरकतही नाहीत. ते ठिकाण म्हणजे ऑनलाइन टेबलटॉप खेळांसाठी विकले जाणारे चित्रसंच, म्हणजेच आर्ट पॅक.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि फासे टाकून निकाल ठरतो. आता हे टेबल इंटरनेटवर आले आहे. रोल२०, फाउंड्री अशा व्यासपीठांवर खेळाडू आपापल्या घरी बसून एकच नकाशा पाहतात आणि त्यावर आपल्या पात्राचे छोटे चित्र सरकवतात. या चित्राला टोकन म्हणतात. टोकन, नकाशे, पत्ते यांचे संच चित्रकार तयार करतात, अपलोड करतात आणि विकतात. खेळणारा ते विकत घेतो आणि त्यातूनच त्याचे जग उभे राहते.

त्या जगात आपण कुठे आहोत? या खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. वाघाच्या डोक्याचा, रुबाबदार, कपटी आणि जन्मजात दुष्ट. आजच्या नियमांतही त्याच्या नावापुढे दुष्ट असाच शेरा आहे. २०२३ च्या जानेवारीत या खेळाच्या नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. त्यात हा राक्षसही आला. म्हणजे जगातला कोणताही चित्रकार आता राक्षसाचे टोकन काढू शकतो, त्याला 'मॉन्स्टर' असा टॅग लावू शकतो आणि विकू शकतो. यात कोणी गुन्हा करत नाही. पण 'गुलामगिरी' न वाचलेल्या पोराच्या मनात राक्षस म्हणजे मारायची वस्तू हे समीकरण खेळता खेळता पक्के होते. ज्याला मारले तर गुण मिळतात तो राक्षस, हे पुराणांनीच आपल्याला शिकवले होते. आता तेच शिक्षण नव्या पडद्यावरून मिळते आहे.

दुसरा मुद्दा याहून खोल आहे. या खेळात पात्र कोणत्या 'रेस'मध्ये जन्मले यावर त्याची ताकद आणि बुद्धी ठरायची. ऑर्क जमात म्हणजे रानटी, हे गृहीत धरले जायचे. गुण जन्माने ठरतात हा सिद्धांत आम्हाला नवा नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये याच सिद्धांताची चिरफाड केली. पण तिकडे पुढे काय घडले ते पाहा. खेळणाऱ्यांनी, त्यातही कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य खेळाडूंनी, प्रश्न विचारले. २०२० साली कंपनीला जाहीरपणे बदलाची भाषा करावी लागली. त्याच वर्षी जन्मगत गुण बदलता येतील असा पर्यायी नियम आला. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्द गेला, त्याजागी 'स्पीशीज' आला. शब्द बदलला म्हणून वर्चस्व संपले असे आम्ही म्हणत नाही. पण आत शिरून भांडणाऱ्यांमुळेच पान बदलले, हे तर खरे ना?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की तक्रार पुरेशी नाही, आपण स्वतः चित्रसंच करून अपलोड केले पाहिजेत. दुसऱ्यांची वर्तमानपत्रे आपली बाजू मांडत नाहीत, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले. माध्यम बदलले तरी तर्क तोच आहे.

हे करायला लागणारे हात आपल्याकडे आहेत. १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर आपल्या वस्त्यांतली पोरे रात्र रात्र जागून फ्लेक्स तयार करतात. फोटो कापणे, मागचा भाग काढून टाकणे, थरावर थर चढवणे, रंग जुळवणे हे सारे त्यांना येते. टोकन करायला हेच कसब लागते. चौकोनी फाइल, मागचा भाग पारदर्शक, पीएनजी स्वरूप, आणि संचातल्या सगळ्या चित्रांवर प्रकाश एकाच बाजूने. नकाशाला मोजमाप लागते. ते एका उदाहरणाने सांगतो.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याचे चैत्यगृह साधारण १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. खेळात नकाशावरचा एक चौकोन सहसा ५ फुटांचा धरतात. म्हणजे लांबीला २५ चौकोन आणि रुंदीला ९. रोल२० वर एक चौकोन ७० पिक्सेलचा असतो. तपशील नीट दिसावा म्हणून दुप्पट, म्हणजे १४० पिक्सेल धरले तर चित्र होते ३५०० बाय १२६० पिक्सेल. फाउंड्रीवर चौकोन मुळात १०० पिक्सेलचा असतो, तिथल्यासाठी २५०० बाय ९००. दोन्ही बाजूंना १५-१५ खांब, स्तूपामागे ७ साधे खांब, एकूण ३७. रेघा असलेली एक प्रत, रेघांशिवाय एक प्रत. एक दिवसाची, एक पणत्यांच्या उजेडातली. झाला नकाशा तयार.

आता या नकाशावर माणसे कोण? तीही लेण्यातच कोरलेली आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीचा सेठी भूतपाल आहे. दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सुतार सामी आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. खांब दान करणारे यवन आहेत, भिक्षुणी आहे. या दात्यांची ओळख बहुतेक गावाने आणि कामाने दिलेली आहे. सुतार, गंधिक, यवन, भिक्षुणी यांची टोकने करा. जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातल्या खेळाडूला आपल्या गोष्टीत एका प्राचीन नगरातली माणसे हवीच असतात. त्याला ती आपल्या इतिहासातून मिळू द्या.

पण चित्र काढून काम संपत नाही. खरी लढाई अपलोडच्या पानावर आहे. तिथे संचाचे नाव, वर्णन आणि टॅग लिहावे लागतात. याच शब्दांवरून शोधणाऱ्याला चित्र सापडते आणि याच शब्दांतून तो त्याचा अर्थ घेतो. बौद्ध लेण्यांना पांडवलेणी हे नाव चिकटले आणि त्यांचा इतिहासच लोकांच्या नजरेआड गेला, हे नाशिकला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुम्ही चैत्यगृहाचा नकाशा 'रहस्यमय भारतीय मंदिर' म्हणून टाकलात तर तीच चूक डिजिटल होईल. चैत्य, विहार, स्तूप, बुद्धिस्ट असे स्पष्ट लिहा. राक्षसाचे टोकन करायचे तर त्याच्या हातात धान्याचे कणीस आणि ढाल द्या, नाव 'क्षेत्ररक्षक' ठेवा, वर्णनात फुल्यांचा संदर्भ दोन ओळींत द्या आणि टॅगमध्ये 'राक्षस' हा शब्दही ठेवा. राक्षस शोधत आलेल्याला रक्षक भेटला पाहिजे.

काही पथ्ये आहेत. बाबासाहेबांचे टोकन करू नये असे आमचे ठाम मत आहे. टोकन जखमी होते, मरते, त्यावर लाल फुली पडते. महापुरुषाला फाशांच्या हवाली करणे हा सन्मान नव्हे. गूगलवरून उचललेला फोटोही वापरू नका. शिल्प दोन हजार वर्षांचे असले तरी फोटोवर काढणाऱ्याचा हक्क असतो. लेण्यात जा, बसून रेखाटा. आणि एआयवर विसंबू नका. इंटरनेटवर आधीपासून जे भरलेले आहे तेच ते परत देते, आणि तिथे आपण नाही हाच तर प्रश्न आहे.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप, पोटाला भाकर नसताना हे खेळ कसले? आमचे उत्तर, फ्लेक्सचा सीझन संपला की या पोरांच्या हाताला काम नसते. संच एकदा अपलोड केला की पुन्हा पुन्हा विकता येतो. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर फक्त तिथेच विकणाऱ्या प्रकाशकाला किमतीच्या ७० टक्के मिळतात, इतरत्रही विकणाऱ्याला ६५. इच डॉट आयओवर बाजाराला किती वाटा द्यायचा हे विक्रेताच ठरवतो. कोणी लखपती होईल असे खोटे स्वप्न आम्ही दाखवत नाही. पहिले काही महिने काहीच विकले जाणार नाही, हेही शक्य आहे. पण तिथे गिऱ्हाईक आडनाव विचारत नाही, ही लहान गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप, हा इंग्रजी जाणणाऱ्या सुखवस्तूंचा खेळ आहे. खरे आहे. लॅपटॉप, बँक खाते, पॅन, अमेरिकन करांचा फॉर्म, इंग्रजीतले वर्णन, या सगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर आपला पोरगा अडकतो. म्हणूनच हे एकट्याचे काम नव्हे, संघटनेचे आहे. चित्र काढणारा, इतिहास वाचणारी आणि इंग्रजीत लिहिणारी, अशा तिघांचा एक गट करा. अभ्यासिकेतला एक संगणक आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना द्या. पैशाचा हिशेब आणि श्रेय दोन्ही तिघांच्या नावाने पहिल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा.

येत्या जयंतीला डीजेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक तालुक्यात असा एक गट उभा राहिला, तरी वर्षभरात आपल्या लेण्यांचे, आपल्या कष्टकऱ्यांचे, आपल्या बळीराजाचे संच जगाच्या टेबलावर पोचतील. नाही पोचले, तर तिथे दुसरा कोणी आपले चित्र काढेल आणि त्याच्याखाली त्याला हवा तो टॅग लावेल.

जय भीम! जय जोती!