गॅस संपत नाही, गळतो

मार्च सरत आला की शहराबाहेरच्या रस्त्यांवरच्या गॅरेजांपुढे पाट्या लागतात : ‘एसी गॅस भरून मिळेल’. आपणही जुन्या गाडीची काच खाली करून विचारतो, “गॅस भरायचे किती?” जणू पेट्रोल भरावं, तसा हा गॅस दर उन्हाळ्यात भरायचाच असतो. या एका वाक्यानं आपलं जितकं नुकसान होतं, तितकं उन्हानंही होत नसेल.

कारण गाडीच्या एसीतला गॅस खर्च होत नाही. तो जळत नाही, झिजत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो बाहेर उष्णता टाकून द्रव होतो. एका बारीक वाटेतून सुटताना एकदम गार पडतो. डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता शोषून पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. बंद वर्तुळ आहे ते. गॅस कमी झाला, याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर पडला. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडं झिरपणं नैसर्गिक आहे; सहा-आठ वर्षांनी थोडी भर घालावी लागली तर तक्रार नाही. पण दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर गाडीला गॅस नको आहे, दुरुस्ती हवी आहे.

मी उभं आयुष्य बँकेत काढलं. तिथं हा आजार आम्हांला फार ओळखीचा. खातं थकलं की जुनं कर्ज फेडण्यासाठी नवं कर्ज द्यायचं. मार्चअखेर कागद स्वच्छ दिसतो, ऋणको खूष, शाखाधिकारी खूष. भोक तसंच राहतं, आणि पुढच्या मार्चला रक्कम वाढलेली असते. गळती न शोधता गॅस भरणं हे नेमकं असलं कर्ज आहे. व्याज कोण भरतं, ते पाहू.

पहिलं व्याज कॉम्प्रेसर भरतो. त्याला लागणारं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस कमी पडला की तेल परत यायचं थांबतं आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो. शिवाय गळक्या जागेतून ओल आत शिरली तर ती बारीक वाटेत बर्फ होऊन बसते, तेलात मिसळून आम्ल तयार करते. म्हणून गॅस भरण्याआधी पंप लावून सगळी हवा आणि ओल खेचून काढायची असते. मग गॅस वजन करून भरायचा. लहान गाडीला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम पुरतो. नेमका आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. ‘साहेब, थोडा जास्तच टाकलाय’ हे औदार्य नव्हे. जास्त गॅसनं गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

दुसरं व्याज आपल्या डोक्यावरचं आकाश भरतं. ही कथा थोडी मागून सांगायला हवी. १९२८च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाच्या चमूनं शीतकपाटांसाठी न पेटणारा, विषारी नसलेला वायू शोधला. १९३०मध्ये त्यानं भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्या फुंकरीनं मेणबत्ती विझवून दाखवली. पॅकार्ड कंपनीनं १९३९ साली वातानुकूलित मोटार आणली, आणि पुढं कित्येक दशकं ‘आर-१२’ हा याच कुळातला वायू जगभरच्या मोटारींत फिरत राहिला. १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जगासमोर आलं, १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात आला. त्या दोघांना क्रुट्झन यांच्यासह १९९५चं नोबेल मिळालं. आज ओझोनचा थर हळूहळू भरून येतो आहे. माणसानं एखादं भोक शोधून बुजवल्याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आर-१२ची जागा आर-१३४ए या वायूनं घेतली. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तोच आहे. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. सवयीनं मी हिशेब मांडला. ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडला तर ५६० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे सुमारे २४० लिटर पेट्रोल. पंधराच्या ॲव्हरेजनं पुण्याहून नागपूर पाच वेळा. गाडी जागेवरून न हलवता! २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार हे वायूही जगानं कमी करत न्यायचे आहेत, आणि भारतानं ती २०२१मध्ये मान्य केली.

एसी ही चैन आहे, काचा उघडा, असं म्हणणारे अजून भेटतात. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. मे महिन्यात तिला सोलापूरला न्यायचं तर दुपारचा तो रस्ता तिला काचा उघड्या ठेवून सोसवत नाही. आणि पंधरा वर्षांची गाडी चांगली चालत असताना, तिची नोंदणी पुन्हा करून मिळत असताना, केवळ गारव्यासाठी ती मोडीत काढणं मला पटत नाही. काटकसर करायची तर ती नीट करावी.

गेल्या वर्षी एका मेकॅनिकनं मला विचारलं, “काका, गॅस भरू, की गळती शोधू?” मी म्हटलं, “शोधा.” तो थांबला. “शोधायचे पैसे लोक देत नाहीत हो. गॅसचे देतात.” त्यानं नायट्रोजन भरून दाब धरला, साबणाचं पाणी लावलं, आणि पाइपच्या सांध्याशी बुडबुडा दिसला. रबराची एक कडी कडक झाली होती. तिची किंमत चहाच्या कपाएवढी; मजुरी अर्ध्या दिवसाची.

त्याच्या त्या वाक्यात सगळा प्रश्न आहे. वस्तूचे पैसे आपण बिनतक्रार देतो. नजरेचे, अनुभवाचे, शोधण्याच्या वेळेचे देताना आपली घासाघीस सुरू होते. मग त्यानं तरी का शोधावं? दर उन्हाळ्याला परत येणारं गिऱ्हाईक आपणच तयार केलं आहे. फसवणूक होते ती बऱ्याचदा आपण मागितलेलीच असते.

प्रत्येक गळती स्वस्त नसते, हेही खरं. कूलिंग कॉइल फुटली तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तो खर्च जुन्या गाडीला झेपेलच असं नाही. तेव्हा एसी बंद ठेवून पहाटे प्रवासाला निघणं हाही प्रामाणिक निर्णय आहे. आणि गारवा कमी झाला म्हणजे गॅसच गेला असंही नव्हे : कंडेन्सर मातीनं भरलेला असतो, पंखा बंद असतो, पट्टा सैल असतो.

म्हणून या उन्हाळ्यात गॅरेजवाल्याला दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. गळती कशी तपासणार? उरलेला गॅस हवेत सोडणार, की यंत्रानं सिलिंडरमध्ये काढून घेणार? नवा गॅस वजन करून भरणार का? ज्याच्याकडे तिन्हींची सरळ उत्तरं आहेत, तो शंभर-दोनशे रुपये जास्त मागेल. ते द्यावेत, आणि शोधण्याची मजुरी बिलात वेगळी लिहून मागावी. त्या कामाला किंमत आहे, हे एकदा कागदावर यायला हवं.